तीस तास आणि काचेची नळी

महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा असा दंडक आहे की, नोंदणीकृत डॉक्टरास आपली नोंदणी पुढे चालू ठेवावयाची असेल तर मागील पाच वर्षांत निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे ३० तास आपल्या खाती जमा झाल्याचा दाखला त्याने दप्तरी दाखल केला पाहिजे. आणि भारतीय वैद्यक परिषदेने २००२ साली जी आचारसंहिता घालून दिली तिच्यातही पाच वर्षांस तीस तास हेच प्रमाण सांगितलेले आहे. एकदा धाराशिवच्या रेल्वे स्थानकावर उशिराच्या गाडीची वाट पाहत बसलो असता मी या आकड्याचा हिशेब केला. पाच वर्षांचे दिवस १,८२६; तीस तासांची मिनिटे १,८००. म्हणजे दिवसाकाठी एक मिनिट, तेही पुरते नव्हे. ज्याच्या हाती आपण आपला प्राण देतो त्याने दिवसातून मिनिटभर शिकावे एवढीच सरकारदरबारची अपेक्षा आहे, आणि तीही पुष्कळांस जाच वाटते.

पण आकडा थोडा आहे ही माझी मुख्य तक्रार नव्हे. माझी तक्रार अशी की, हा हिशेब बसण्याचा आहे, शिकण्याचा नव्हे. सभागृहात जो बसला त्याला गुण मिळाले. मग व्याख्यान त्वचेवरील डागांचे असो की गुडघ्याच्या झिजेचे असो, आणि बसणारा मनुष्य वर्षातील निम्म्या रात्री अपघात विभागात उभा राहून विष प्यालेले, साप चावलेले आणि महामार्गावरून उचलून आणलेले रुग्ण पाहणारा असो, दोहोंचा मेळ बसतो की नाही हे विचारण्याचा शिरस्ता नाही. हजेरीपटावर शेरा पडल्याने मूल वरच्या इयत्तेत जात नाही, हे ज्या समाजाला आपल्या लेकरांच्या बाबतीत उत्तम कळते, त्याने आपल्या डॉक्टरांच्या बाबतीत मात्र हजेरीपटालाच परीक्षेचा मान द्यावा, हे मला नेहमीच नवलाचे वाटत आले आहे.

हे तास जमविण्याची ठिकाणेही हळूहळू ठरून गेली आहेत, आणि ती बहुधा समुद्रकाठची किंवा थंड हवेची असतात. गोव्यात भरलेल्या अशा एका परिषदेला मी गेलो होतो. पहिल्या सकाळी सभागृह फुलून गेले होते. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी, बंद पडलेले हृदय पुन्हा चालू करण्याच्या नव्या नियमांवर एक विद्वान गृहस्थ तळमळीने बोलत असता, समोरच्या शेदोनशे खुर्च्यांपैकी पंचवीस-तीस भरलेल्या होत्या, आणि त्यांतील दोघे-तिघे जेवणानंतरच्या सात्त्विक निद्रेत होते. बाहेरच्या ओसरीत सरावासाठी आणलेला रबरी मनुष्याकृती पुतळा प्लास्टिकच्या आवरणात झाकून ठेवलेला होता. त्या तीन दिवसांत त्याच्या छातीवर कोणाचा हात पडलेला मी पाहिला नाही. अखेरच्या दिवशी मात्र दाखल्यांच्या मेजापुढे जी रांग लागली ती पाहून मला तुळजापुरातील दर्शनबारीची आठवण झाली, फरक इतकाच की दर्शनबारीतील मनुष्य आत गाभाऱ्यात काय आहे हे पाहण्यासाठी उभा असतो. ज्या पणजीत १८४२ साली आशियातील आद्य वैद्यकशाळांपैकी एक निघाली, त्या पणजीपासून हाकेच्या अंतरावर आम्ही तीन दिवस होतो. ती जागा पाहून यावी असे कोणाच्या कार्यक्रमपत्रिकेत नव्हते. माझ्याही नव्हते.

हे सांगताना जे तेथे गेले त्यांची मला टवाळी करावयाची नाही. आमच्या धाराशिव जिल्ह्यातील भूम-परंड्याकडचा किंवा उमरग्याकडचा जो डॉक्टर वर्षातील अकरा महिने एकट्याने दवाखाना ओढतो, ज्याला रात्री-अपरात्री उठवले जाते आणि ज्याची बायकामुले सुट्टीचे नाव काढीत नाहीत कारण काढून उपयोग नसतो, त्याने चार दिवस समुद्र पाहिला तर त्यात कोणाचे काय बिघडले? शिवाय खरे शिक्षण अशा जागी व्यासपीठावर होत नसले तरी जेवणाच्या टेबलावर होते. ‘तुमच्याकडे असा पेशंट आला तर तुम्ही काय करता हो?’ हा प्रश्न एका तालुक्याच्या डॉक्टराने दुसऱ्याला विचारावा, आणि दुसऱ्याने आपली एक फसलेली गोष्ट प्रांजळपणे सांगावी, याला मी मोठी विद्या समजतो. औषध कंपन्यांच्या खर्चाने प्रवास आणि पाहुणचार घेण्यास २००९ सालच्या दुरुस्तीने मज्जाव केला, तो योग्यच केला. परंतु विश्रांतीची आणि समव्यवसायी सोबतीची भूक त्याने नाहीशी झाली नाही, आणि होऊही नये. माझे म्हणणे एवढेच आहे की, विश्रांतीला विश्रांती म्हणावे आणि तिच्या पावतीवर शिक्षणाचा शिक्का मारू नये. निदान तातडीच्या वैद्यकापुरता तरी मारू नये. कारण या विद्येची जातच निराळी आहे.

ती कशी निराळी आहे हे एका काचेच्या नळीवरून सांगतो.

पावसाळ्याचे दिवस आहेत, सोयाबीन कमरेला लागले आहे, आणि पहाटे चारला दारे धरायला गेलेल्या मनुष्याच्या पायाला काहीतरी चावले आहे. साप त्याने पाहिला नाही, किंवा पाहिला तो अंधारात. आपल्या मुलखात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप मुख्य. प्रतिविष चौघांवर मिळून एकच असले, तरी दंश विषारी आहे की नाही, विष अंगात भिनले आहे की नाही, आणि भिनले असेल तर ते मज्जातंतूंवर चालले आहे की रक्तावर, हे कळल्यावाचून पुढचे पाऊल टाकता येत नाही. मण्यार चावल्यावर सूज नाही, फारसे दुखत नाही, पोटात मुरडा येतो आणि उजाडता उजाडता पापण्या जड होऊ लागतात. जमिनीवर झोपलेले माणूस झोपेतच दंश पावते आणि घरचे त्याला पित्त झाले म्हणतात. घोणसाचे उलट आहे. तेथे पाय सुजतो आणि रक्ताची गोठण्याची शक्ती जाते. ही शक्ती गेली की नाही हे पाहण्यास प्रयोगशाळा लागत नाही. रुग्णाच्या शिरेतून दोन मिलिलिटर रक्त घ्यावे, काचेच्या स्वच्छ, कोरड्या, नव्या नळीत घालावे, नळी उभी ठेवून द्यावी, वीस मिनिटे तिला हात लावू नये, हलवू नये, आणि मग एकदाच हळूच कलती करावी. गुठळी जागच्या जागी राहिली तर ठीक; पाण्यासारखे रक्त नळीच्या कडेने ओघळले तर घोणसाचे विष अंगात फिरते आहे असे समजून प्रतिविष चालू करावे.

यात न कळण्यासारखे काय आहे? काहीच नाही. ज्या डॉक्टराला विचाराल तो हे घडाघडा सांगेल. पण पहाटे साडेपाचला, नातेवाइकांचा घोळका दारात उभा असता, त्याच डॉक्टराने हात पुढे केला आणि सिस्टरने साबणाच्या पावडरीने लख्ख घासलेली नळी त्याच्या हाती दिली, तर सारे फुकट जाते. कारण काचेच्या ज्या स्पर्शाने रक्त गोठू लागते तो गुण साबणाच्या अंशाने नाहीसा होतो, आणि निरोगी मनुष्याचे रक्तही त्या नळीत पातळ राहते. प्लास्टिकच्या नळीचेही तसेच. म्हणजे स्वच्छतेच्या आवडीनेच परीक्षा खोटी ठरावी, असा हा चमत्कारिक प्रसंग आहे. ही गोष्ट व्याख्यानाच्या पडद्यावर एका ओळीत येऊन जाते आणि ऐकणाऱ्याच्या वहीत उतरते, परंतु ती नळी कोणत्या कपाटात, कोणत्या डब्यात, कोणाच्या ताब्यात आहे, आणि ती घासू नये हे ज्या व्यक्तीला ठाऊक असावयास हवे ती व्यक्ती त्या परिषदेला आलेली होती काय, हा प्रश्न मागे उरतोच. ती आलेली नसते. तिला निमंत्रण नसते.

तातडीच्या विद्येचा अर्धा भाग असा वस्तूंत, जागांत आणि दुसऱ्यांच्या हातांत वाटलेला असतो. उरलेला अर्धा स्वतःच्या हातात असतो, आणि हात विसराळू असतो. बाल्टिमोरच्या तिघा संशोधकांनी १९६० साली छाती बाहेरून दाबून बंद हृदय चालविण्याची रीत प्रसिद्ध केली. तिला शस्त्र लागत नाही, औषध लागत नाही, मिनिटास १०० ते १२० वेळा, पाच सेंटिमीटर खोल, एवढेच तिचे सूत्र. तरीही शिकल्यानंतर सराव न ठेवल्यास तीन ते सहा महिन्यांत ही कला हातातून ओसरू लागते असे वारंवार आढळून आले आहे, आणि जगभर मान्यता पावलेला तिचा दाखला मात्र दोन वर्षे चालतो. दाखल्याची मुदत आणि हाताची मुदत यांत हे जे अंतर आहे ते कोणत्याही सभागृहाने भरून निघणारे नाही. (एक सूचना जाता जाता करतो: आमच्याकडे गोंधळ्याच्या संबळाचा चढता ठेका बहुतेकांच्या कानात असतो, हाताला गती शिकविण्यास त्याच्याहून चांगला शिक्षक इंग्रजी गाण्यांत शोधण्याची गरज नाही.)

आणि हाताहून विसराळू असते ती छाती, म्हणजे धैर्य. सर्पदंशाच्या रुग्णास प्रतिविषाच्या आठ-दहा कुप्या प्रथम द्याव्या लागतात. ते घोड्याच्या रक्तापासून केलेले असल्यामुळे काहींना त्याची तीव्र प्रतिक्रिया येते. अंगावर गांधी उठतात, श्वास कोंडतो, नाडी खाली जाते. यावर उतारा हाताशी असतो. ॲड्रिनॅलिनचे अर्धा मिलिग्रॅम मांडीच्या बाहेरच्या बाजूस स्नायूत टोचले की बहुधा मनुष्य सावरतो. पण ज्याने हे एकदाही आपल्या डोळ्यांनी पाहिलेले नाही, त्या तरुण वैद्यकीय अधिकाऱ्याच्या मनात कुपी फोडण्यापूर्वी जो विचार येतो तो असा: सापाने मेला तर सापाने मेला, सुईने मेला तर माझ्यामुळे मेला. मग त्याच्या तोंडून जे वाक्य निघते ते या जिल्ह्यातील प्रत्येक घराला पाठ आहे: ‘सोलापूरला न्या.’

या वाक्याचा मी पुष्कळ वर्षे विचार केला आहे. त्यात भ्याडपणाच आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. कधी खरोखरच खाट नसते, भूल देणारा नसतो, श्वासयंत्र नसते. आणि रुग्ण दगावला की दवाखान्याच्या काचा फोडणारा जमाव असतो, ज्याच्यासाठी २०१० साली शासनाला स्वतंत्र कायदा करावा लागला. परंतु या सर्व कारणांची वजाबाकी करूनही एक बाकी उरते. ती सरावाच्या अभावाची असते. सोलापूरचे सर्वोपचार रुग्णालय, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, आता धाराशिवातच नुकतेच निघालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, हे मोठे दवाखाने सर्व थोरच आहेत. पण विषाचे घड्याळ महाविद्यालयाच्या वेळेवर चालत नाही. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली असा जो अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला, त्यातील बहुसंख्य मृत्यू खेड्यांतले होते. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्र शासनाने हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा आराखडा जाहीर केला आहे. निम्म्यावर ते येतील. पण सोलापूरच्या वाटेवर नव्हे, लोहारा-वाशीसारख्या तालुक्यांतील दवाखान्याच्या खोलीत येतील.

येथे मला कोणी म्हणेल की, नवी विद्या तर मोठ्या शहरांतूनच येते, खेड्याने ती घ्यावयाची असते. इतिहास याच्या नेमका उलट आहे. अपघातात जबर जखमी झालेल्या मनुष्याला पहिल्या तासात कोणत्या क्रमाने पाहावे, श्वासमार्ग आधी, मग श्वास, मग रक्ताभिसरण, हे शिकविणारा जो अभ्यासक्रम आज जगातील श्रीमंत शहरांच्या पंचतारांकित हॉटेलांतून भारी शुल्क घेऊन शिकविला जातो, त्याचा जन्म अमेरिकेतील नेब्रास्का या शेतीच्या प्रांतात झाला. जेम्स स्टायनर नावाचा हाडांचा शल्यवैद्य १९७६ च्या फेब्रुवारीत स्वतःचे लहान विमान चालवीत असता ते शेतात कोसळले; पत्नी जागीच गेली, चार मुलांपैकी तिघे गंभीर जखमी झाली, आणि जवळच्या लहानशा रुग्णालयात जी व्यवस्था त्याला दिसली तिच्याहून बरी व्यवस्था आपण शेतात हाताने करू शकलो असतो, असे त्याला वाटले. त्याने त्या रुग्णालयावर दावा ठोकला नाही, वर्तमानपत्रात आग पाखडली नाही. सहकाऱ्यांना जमवून लहान गावांच्या डॉक्टरांसाठी एक शिकवणी काढली. १९७८ साली ऑबर्न या गावी तिचा पहिला वर्ग भरला, आणि दोन वर्षांनी अमेरिकेच्या शल्यवैद्यांच्या महासभेने ती आपलीशी केली. ज्या विद्येचा उगम तालुक्याच्या दवाखान्याच्या उणिवेत आहे ती तालुक्यापर्यंत मात्र पोहोचत नाही, ही आपल्या काळाची गंमत आहे.

आणि एवढे दूर तरी कशाला जावे? जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यातील देहेड गावी जन्मलेले डॉक्टर हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने कोकणात मुले पटापट मरत होती आणि पुस्तकांत त्याविषयी फारसे काही लिहिलेले नव्हते. त्यांनी रुग्णाच्या खाटेशी बसून तासातासाच्या नोंदी ठेवल्या. मृत्यू येतो तो हृदय थकून फुप्फुसांत पाणी भरल्याने येतो हे ओळखले, १९८२ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये ती लक्षणे मांडली, आणि पुढे रक्तदाबावरील प्रॅझोसिन या साध्या गोळीचा उपयोग करून, जेथे शंभरात तीस-चाळीस दगावत तेथे एखादाच दगावेल येथपर्यंत मजल मारली. २०२२ साली शासनाने त्यांना पद्मश्री दिली. त्यांच्या खाती त्या वर्षांत किती गुणतास जमा झाले असते? हजेरी घेणारा कोणी तेथे नव्हता, म्हणून एकही नाही.

आता मी माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. परिषदांसाठी लोकांना गजबजलेले, उत्साहाचे, पाहण्यासारखे गाव हवे असते ना? असे एक गाव आमच्या जिल्ह्यात आहे, आणि तेथे जाण्यास कोणाला आमिष दाखवावे लागत नाही. तुळजापूर हे साडेतीन शक्तिपीठांतील एक. शारदीय नवरात्रात आणि त्यानंतरच्या आश्विन पौर्णिमेस महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण आणि आंध्र यांतून तेथे लक्षावधी माणसे येतात. हजारो तर अनवाणी, पायी येतात. सोलापुराहून सुमारे ४५ किलोमीटरची वाट रात्रभर माणसांनी वाहत असते. मंदिर बालाघाटाच्या कुशीत, खोलगट जागी आहे. दर्शनाला जाताना पायऱ्या उतरावयाच्या आणि येताना चढावयाच्या. नऊ दिवसांच्या उपासाने ज्याची साखर खाली गेली आहे असा मधुमेही, ज्याने गोळ्या घरी ठेवल्या आहेत असा रक्तदाबाचा म्हातारा, ज्याच्या पायाला फोड येऊन अंगातले पाणी आटले आहे असा पोरगा, दर्शनबारीत घुसमटलेली गरोदर बाई: तातडीच्या वैद्यकाचे जे पुस्तक असते त्याचे एकेक प्रकरण येथे पायऱ्या चढून वर येते. छातीवर हात दाबून जो ‘एदे नोवु’ म्हणतो त्याचे म्हणणे कानडी न कळल्यामुळे पोटदुखीच्या गोळीवर निघू नये, आणि ‘छाती नोप्पि’ म्हणणाऱ्या तेलुगू आजीबाईला हृदयाच्या आलेखापुढे निजवावे, हे कोणत्या सभागृहात शिकवितात?

त्यातही एक गोष्ट अशी आहे जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पौर्णिमेच्या त्या दोन-तीन दिवसांत पायी चालणाऱ्यांसाठी सोलापूरच्या रस्त्यावरील वाहतूक अन्य मार्गांनी वळवितात. म्हणजे ज्या दिवशी रुग्ण सर्वांत अधिक, त्याच दिवशी ‘सोलापूरला न्या’ हे आमचे ब्रह्मवाक्य सर्वांत लुळे पडते. त्या रात्री जे जमेल ते तुळजापुरातच जमले पाहिजे. गर्दीने काय होते ते आपण जाणतो. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळ मांढरदेवीच्या डोंगरावर चेंगराचेंगरीत सुमारे तीनशे माणसे गेली, आणि तेथेही उत्सवाची तिथी पंचांगात वर्षभर आधी छापलेली होती. आपत्ती अचानक येते असे आपण म्हणतो. यात्रेची गर्दी घटस्थापनेच्या मुहूर्तासह सांगून येते.

मग शिकावयाचे केव्हा? यात्रा भरली असता कोणाला सवड असते, आणि कण्हणारा भाविक हा काही अभ्यासाचा नमुना नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर देवीच्या दिनक्रमातच आहे. नवरात्राच्या आधी, भाद्रपद वद्य अष्टमीपासून घटस्थापनेपर्यंत, भवानीची मूर्ती सिंहासनावरून पलंगावर निजवितात. तिला घोरनिद्रा म्हणतात. युद्धापूर्वीची ही विश्रांती आहे अशी समजूत आहे. त्या आठवड्यात गाव तयारीत असते, पण अजून भरलेले नसते. याच दिवसांत पुण्या-मुंबईचे जे तज्ज्ञ गोव्यास जातात त्यांनी येथे यावे; उपजिल्हा रुग्णालयाच्या त्याच खोलीत, त्याच खाटेवर, त्याच प्राणवायूच्या नळ्यांनी सराव करवून घ्यावा; महाद्वारापासून रुग्णवाहिकेपर्यंत डोलीने मनुष्य आणावयास किती मिनिटे लागतात हे घड्याळ लावून पाहावे. दसऱ्यानंतर देवी पुन्हा निजते, ती श्रमनिद्रा. त्या वेळी मात्र आम्हांस निजता येत नाही, कारण पौर्णिमेची वाट तेव्हाच भरलेली असते. पौर्णिमा उलटली की एक दिवस दारे लावून बसावे, आणि कोणाचा दोष कोणता हे न ठरविता, कोण दगावले, कोठे वेळ गेला, काय हाताशी नव्हते, हे सांगावे व ऐकावे. अशा एका दिवसाला वैद्यक परिषदेने तीसच्या तीस तास द्यावेत अशी माझी शिफारस आहे, आणि ती मी थट्टेने करीत नाही.

परंतु यावयाचे कोणी? नियम नोंदणीकृत ॲलोपॅथिक डॉक्टरास बांधतो. २६ जानेवारी २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावू लागली, आरंभी ९३७ गाड्या. आणि तिचे वैशिष्ट्य असे की तिच्यात डॉक्टर असतो. तो बहुधा आयुर्वेदाचा किंवा होमिओपॅथीचा पदवीधर असतो. महामार्गावर, नळदुर्गजवळ किंवा येडशीच्या घाटात, रक्ताने माखलेल्या मनुष्यास प्रथम हात लावतो तो हा. ज्या आपत्कालीन वैद्यकशास्त्राला देशात स्वतंत्र शाखेची मान्यता मिळाली तीच मुळी २००९ साली, त्या शास्त्राचे निम्मे काम हा अल्प वेतनावर करतो, आणि परिषदेच्या निमंत्रणपत्रिकेवर त्याचे नाव नसते. त्याच्या शेजारी बसलेला चालक तर कोणाच्या खिजगणतीतही नसतो; वास्तविक मान न हलविता मनुष्य फळीवर कसा घ्यावा हे चालकाला येत नसेल तर डॉक्टराचे ज्ञान दोन हातांपुरतेच राहते, आणि त्या कामाला चार हात लागतात.

अशिक्षितांना हे काय शिकविणार, असे ज्यांना वाटते त्यांनी आमच्या शिवेवर पाहावे. पलीकडे जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे या दांपत्याने १९७० पासून खेड्यांतील निरक्षर बायकांना आरोग्यसेविका केले. त्या आठवड्यागणिक जामखेडला येत, गावात काय घडले ते सांगत आणि नवे शिकून परत जात. निरंतर शिक्षण या शब्दातील ‘निरंतर’चा अर्थ त्यांना आमच्याहून अधिक कळला होता. शिवेच्या अलीकडे, तुळजापूर तालुक्यात अणदूरला, डॉक्टर शशिकांत अहंकारी आणि त्यांच्या सोबत्यांनी उभारलेल्या ‘हॅलो’ संस्थेने गावोगावी ‘भारतवैद्य’ बायका तयार केल्या. ‘हॅलो’ या नावातील अक्षरांचा विस्तारच मुळी आरोग्य आणि स्वयंशिक्षण असा आहे. विद्यार्थिदशेत आपण आपले शिकावे म्हणून जमलेल्या तरुणांच्या मंडळाने पुढे दुसऱ्यांना शिकविले, हा क्रम मला फार स्वाभाविक वाटतो.

असे शिकलेले हात गावातच का असावयास हवेत हे आम्ही एकदा पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, अनंत चतुर्दशीची विसर्जने आटोपून दमलेली गावे गाढ झोपली असता, किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात जमीन हलली आणि दगडमातीची, जड माळवदांची घरे निजलेल्यांवर बसली. आठ-दहा हजार माणसे गेली. नंतर देशोदेशींची पथके आली, लष्कर आले, तंबू आले. पण पहिले कित्येक तास ढिगाऱ्यावर होते ते शेजारी. हातपाय कित्येक तास दडपून राहिलेल्या मनुष्याला ओढून काढताच तो बरा दिसतो आणि पुढे मूत्रपिंडे बंद पडून मरतो, हे लंडनवरील बॉम्बवर्षावाच्या वेळी, १९४१ साली, बायवॉटर्स या डॉक्टराने नोंदवून ठेवले होते. सुटकेपूर्वीच शिरेतून सलाईन चालू करावे ही त्यातून पुढे निघालेली शिकवण आहे. बावन्न वर्षांनी त्या पहाटे ही शिकवण कोणत्या ग्रंथालयाच्या कोणत्या फडताळात होती हे विचारून आता लाभ नाही. ती त्या पट्ट्यात कोणाच्या हातात असावयास हवी होती, एवढे मात्र विचारता येते. आणि उत्तर पथकांच्या यादीत सापडत नाही, शेजाऱ्यांच्या यादीत सापडते.

माझ्या माहितीच्या एका आरोग्य केंद्रात पूर्वीच्या सिस्टरने बिस्किटांच्या रिकाम्या बरणीत काचेच्या सहा नव्या नळ्या घालून, वर चिकटपट्टी लावून, तिच्यावर पेनाने लिहून ठेवले होते: ‘सापाच्या नळ्या. धुऊ नयेत.’ ज्या डॉक्टराने तिला हे सांगितले त्याची बदली झाली. पुढे तिचीही झाली. चिकटपट्टीवरील अक्षरे पुसट होत गेली. गेल्या पावसाळ्यात रुजू झालेला नवा वैद्यकीय अधिकारी, पदवी घेऊन जेमतेम काही महिने झालेला, पहिल्याच आठवड्यात कपाट लावीत असता त्याने ती बरणी उघडली, एक नळी उजेडाकडे धरली आणि झाडलोट करणाऱ्या मावशींना म्हणाला, ‘मावशी, या जुन्या दिसतात, जरा धुऊन आणा बरं.’

मावशी केरसुणी घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

‘न्हाई साहेब,’ त्या म्हणाल्या, ‘त्या धुवायच्या नसत्यात. रगत गोठतंय का न्हाई ते बघायच्या हायती. ईस मिन्टं हलवायच्या बी नसत्यात.’

त्याने नळी परत बरणीत ठेवली, झाकण घट्ट लावले, आणि मेजाच्या खणातून पेन काढून पुसट झालेली अक्षरे पुन्हा गिरविली.